चार बोल्ट

माग भंगारात गेला तेव्हा दस्तगीरनं किलोवर मोजला.
मी आकडा कागदावर लिहून घेतला,
तो कागद कुठं ठेवलाय ते आता आठवत नाही.
शेड रिकामी झाली. जमिनीतून वर आलेले चार बोल्ट
तेवढे राहिले.
कापायला ग्राइंडरवाला तीनशे मागतो.
राहू देत म्हटलं.

वडगावात आमच्या घरी परडं म्हणतात,
शेजारची निंगव्वा हित्तल म्हणते,
कढीपत्ता दोन्ही नावांना सारखाच फुटतो.
तिथली ही पत्र्याची खोली, दहा बाय चौदा.
थोरला म्हणाला, बाइक लावूया.
सून म्हणाली, भाड्यानं देऊ, कॉलेजची पोरं येतात.
मी म्हटलं, मला पाहिजे.
सगळे गप्प. मग हे म्हणाले, "कशाला गे?"

एकतीस वर्षं जिन्याखाली बसून कांड्या भरल्या,
येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत.
पायांवरून माणूस ओळखायची मी.
एवढं सगळं कुठं सांगत बसू.
"बसायला," म्हटलं.

चुना आणि निळीची पुडी, एकशे दहा. हात माझेच.
खुर्ची शाळेच्या लिलावातली, ऐंशीला,
एका बाजूचा हात तुटलेला.
हात टेकून बसायची सवय मला होतीच कुठं.
खिडकीसाठी बहिणीचा नातू आला,
उद्यमबागेत वेल्डिंग करतो.
पत्रा कापून चौकट बसवली, पैसे नको म्हणाला,
दोनदा कुंदा मागून खाल्ला. एकशे ऐंशी.

पडदा फुकट.
माग थांबला तेव्हा बीमवर होती ती साडी,
मोरपंखी, पदर यायच्या आधीच कापलेली.
बिनपदराची कोण घेणार?
आता वारा नेसतो.

पत्रा तापतो म्हणून खालून जुना फ्लेक्स ताणला,
मांडववाल्याकडून, साठ रुपये.
थोरला म्हणाला, आई, अक्षरं कुठली आहेत ती आधी बघ,
उगाच गल्लीत विषय नको.
मी हात जोडलेले सगळे चेहरे
वर पत्र्याकडे केले, पांढरी बाजू माझ्याकडे.
तापू देत त्यांना.

बल्ब आणि वायर दोनशे चाळीस.
फळ्या आणि बसलिंग सुताराची मजुरी सहाशे पन्नास,
त्यानं फळ्यांना भोकं पाडून
बोल्टांवरच बैठा दिवाण बसवला.
तीन बोल्ट नीट बसले.
चौथा तिरका, तो बाहेरच राहिला.

पहिल्या दुपारी दार लावून बसले तर कान दुखले.
आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात,
मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं,
मागाच्या वर आवाज काढावा लागायचा ना.
माग गेला, ओरडणं राहिलं.
इथं एकटीच बोलून बघितलं.
"हं," म्हटलं. "बसले."
माझा आवाज एवढासा आहे हे
अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

काय करायलीस आत, म्हणून निंगव्वा भिंतीवरून विचारते.
काही नाही म्हटलं तर तिला खरं वाटत नाही.
काही नाहीच करत.
कधी पडद्याचे धागे मोजते, अर्ध्यात सोडून देते.

काल संध्याकाळी दारावर कुणी नख घासल्यासारखं केलं.
मांजर असेल म्हणून उठले नाही.
परत झालं. उघडलं तर हे,
हातात दोन कप,
आणि किती आवाजात बोलावं ते न कळल्यासारखे उभे.
"येऊ काय?"
या घरात असं कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं.
मला लगेच हो म्हणायचं नव्हतं. म्हटलंही नाही.
थोड्या वेळानं म्हटलं.

आत येताना त्यांना चौथ्या बोल्टची ठेच लागली.
लाइट गेली तरी मागाभोवती बिनधास्त फिरणारा माणूस.
चहा सांडला. ओरडले नाहीत.
वाकून बघितलं आणि म्हणाले,
"हा डाव्या पायाचा."

एकूण तेराशे वीस.
चहाचा डाग धरला नाही.