दीड

पाळण्याचा व्यास चाळीस मीटर,
फलाट जमिनीपासून दोन मीटर वर,
एक फेरी सहा मिनिटांची.
एवढंच विचारलं होतं नाझनीनने महाडहून,
अकरावीची वही कॅमेऱ्यासमोर धरून.
बाकीचं कशाला सांगत बसलो, कोण जाणे:
डाव्या बेअरिंगची कुरकुर,
रास अल खैमाच्या खाडीतली खारफुटी, अगदी आपल्यासारखी,
सतरा नंबरच्या डब्यात सापडलेला
लहान पोराचा एकच बूट.

तिने बूट वगळला.
मधली रेघ बावीसवर, म्हणाली, आयाम वीस.
आणि एक लाट काढली.
मी म्हटलं, गोल फिरतंय ते, लाट कुठून आली?
"अब्बा, वेळ आडवी अंथरली की येते."

पण साइनची लाट निघते मधून
आणि तुमचं गिऱ्हाईक चढतं तळातून,
म्हणून अख्खी लाट उजवीकडे सरकवायची.
किती?
दीड मिनिट.

दीड.
तिकडे इशा होऊन भांडी पालथी पडलेली,
इकडे मी संध्याकाळचं पहिलं तिकीट फाडतोय,
मध्ये दीडच. तासांचा.
मी बोललो नाही.
तिने पेन्सिलीने बाण काढला.

सोमवारी पाळणा बंद असतो.
खाली बटणाशी टेकबहादूर,
वर मी एकटा, मांडीवर ग्रीसगन.
अर्ध्या उंचीवर पोटात खड्डा पडतो,
माथ्यावर मात्र काहीच नाही.
चढणं संपलेलं, उतरणं अजून लागलेलं नाही.
तिला सांगितलं तर म्हणाली, बरोबर, तिथे उतार शून्य.
दहावी नापास माणसाच्या पोटाला
एवढं गणित येत होतं तर!

शेवटचं उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, तिचंच:
बत्तीस मीटरवर तुम्ही कधी असता?
उत्तरं दोन आली.
दुसऱ्या मिनिटाला, आणि चौथ्या.
उंची तीच,
एकदा डोंगराच्या अंगाला, एकदा खाडीच्या,
एकदा जाणारा, एकदा येणारा.

"यातलं कुठलं धरू?"

माझ्यासमोर सुटीचा अर्ज होता.
जाण्याची तारीख कोरी,
परतीची कंपनीने आधीच भरलेली.

दोन्ही लिही, म्हटलं.