पंखा बंद

एप्रिलमध्ये आमच्या खोलीत पंखा लावत नाहीत.
पाकळी उडाली तर कुणाला विचारायचं?
येरवड्याकडून गरम वारा येतो,
खिडकीला पुठ्ठा लावून मी
हिमालय चिकटवायला बसते.

गठ्ठा सोडला की आधी डांबरगोळ्यांचा वास,
मग तिकडचा एखादा हिंदी पेपर,
अर्धी मॅच, एक हरवलेली म्हैस,
आणि घडीत
चपटं झालेलं फूल.

चिठ्ठीवर असतं: राष्ट्रीय उद्यान, गाभा क्षेत्र.
उंची चार हजार शंभर मीटर. उत्तरेचा उतार.
नुकतं बर्फ वितळलेलं, दगडाच्या फटीत.
रंग निळा.
माझ्यासमोरचा रंग चहाच्या चोथ्याचा.
निळा मी नुसता वाचून मान्य करते,
सासऱ्यांना फोटोवरून
मामंजी म्हणते तसा.

देठाला तीन टाके, गाठ मागे.
एक पान पालथं ठेवायचं, पाठ दिसावी म्हणून.
हे तांबोळीकाकांनी शिकवलं.
एकतीस वर्षं त्यांनी बर्फातली झाडं शिवली,
सिंहगडाहून उंच कधी चढले नाहीत.

मुळांतून वाळू पडते, चमचमती,
ती ब्रशने लोटून द्यायची असते.
एक चिमूट माझ्या रिकाम्या कुंकवाच्या डबीत आहे.
धानोरी, चौथा मजला,
उंची पाचशे ऐंशी मीटर, फार तर.

बिश्तसाहेबांचं अक्षर बारीक, रकान्यात मावणारं.
एकाच चिठ्ठीवर, रेघांच्या बाहेर, पेन्सिलीने काहीतरी.
हिंदीतलं मी मराठीत वाचते:
सकाळी धुकं हटलं. सगळी दरी फुललेली.
काम राहिलं. बसून होतो.
हे कुठल्या रकान्यात घालू?
मॅडम म्हणाल्या, खोडा.
मी खोडलं नाही.
वर छापील लेबल लावलं,
एका कडेला खळ जरा कमी.

कीड मरावी म्हणून प्रत्येक गठ्ठा
तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे वीस.
पुण्यात त्यांच्या ओळखीचं तेवढंच.

काल एकेचाळीस होतं.
गठ्ठा काढायला झाकण उघडलं
आणि वाकले ती वाकलेच.
वाफ वर आली, चष्मा पांढरा,
समोर काही नाही, खाली काही नाही,
कानाच्या पाळ्या गार.

दारातून बाळाराम ओरडला,
घोलपबाई, झाकण! मीटर पळतंय.

थांब रे, म्हटलं,
धुकं हटू दे.