सात सांगाडे

फहाहील. शुक्रवार, रात्रीचे साडेदहा.
मेल्विनने पुन्हा तोच मंत्र टाकला
आणि नकाशावर सात सांगाडे उठले –
राजम्याचे सात दाणे.

सातांच्या सात पाळ्या, सातांचे सात फासे.
निशादची तलवार म्यानात गंजली,
हुमेरा तेवढ्यात खुबूस गरम करून आली,
राक्षस बिचारा तिसऱ्याच दाण्याला मेला.

मंत्र जड झालाय, मी म्हटलं.
आठवडाभर तोलत राहिले.
दोनच उठतील म्हटलं, तर मेल्विन रुसला.
पहाटे मोडून पडतील म्हटलं,
तर तो पहाटेआधीच जिंकायचा.

उपाय सापडला बुधवारी,
कार्गोच्या खिडकीत, ड्युटीवर.
पेटी रात्रीच्या विमानाने जायची होती.
उतरवून घेणारा कोण – रकाना कोरा.
पासपोर्टवरचं नाव
त्याच्या खोलीतल्या अकरा जणांना ओळखू येईना;
ते त्याला नुसतं उस्ताद म्हणायचे.
तीन तास फोन केले, तेव्हा गाव लागलं.

नवा नियम, पेन्सिलीने:
ज्याला उठवायचं त्याचं नाव सांगायचं.
नाव, गाव, मागे कोण आहे.
फासा त्यानंतर.

मेल्विनने मूठभर दाणे घेतले.
पहिल्याचं भराभर सांगितलं,
दुसऱ्याच्या बायकोपाशी अडखळला,
तिसरा दाणा बोटांत फिरवत राहिला.
एसी खडखडत होता.
मग तो दाणा वाटीत परत.

"दोन पुरेत," म्हणाला,
"आणि हे दोघं मागे थांबतील, दाराशी."

त्या रात्री राक्षस
निशादलाच मारावा लागला.