दिवाबत्ती

रंगराव हे नाव
आमच्या तालमीच्या वहीत कुठंच नाही.
वही मीच लिहायचो, म्हणून सांगतो.

'दिवाबत्ती, रुपये पंचेचाळीस.'
दर महिन्याच्या सात तारखेला.
खाली 'दूध, रोज एक शेर, गंगावेस'.
तेही त्याच्याच पोटात.
पैसे घेऊन फुटबॉल खेळणं तेव्हा
पेठेत शिवी होती.
हिशेब तपासायला आलेला माणूस चष्मा वर करून म्हणाला,
तालमीत वीज नाही, कंदील एकच दिसतोय,
एवढं रॉकेल पितं कोण?
मी म्हटलं, साहेब, संध्याकाळी मैदानावर या.

तो शुक्रवार पेठेतला. उद्यमनगरात मोल्डर.
डाव्या नडगीवर वितळलेल्या बिडाचा डाग,
कवडीएवढा, पांढरा.
त्याच पायानं मारायचा.
चेंडू चामड्याचा, वादीनं आवळलेला,
चिखलात भिजला की धोंडा.
वादी कपाळाला लागली तर रक्तच.
तो धोंडा रंगराव कोपऱ्यातून असा उचलायचा,
जशी हातावरची भाकरी तव्यावर पडते,
वळून, न मोडता.

पंचेचाळीस रुपयांवर तो पेठ सोडून आला.
गल्लीनं रात्रीत त्याच्या दाराला
फाटकं पायताण टांगलं.
त्यानं ते काढलं,
व्हटकराकडून टाके घालून घेतले
आणि वर्षभर तेच वापरलं,
करकर वाजवत, त्याच गल्लीतून.

फायनलला समोर त्याचीच पेठ.
गोलकी त्याचा धाकटा, सदबा.
सात मिनिटं उरलेली, आम्हाला पेनल्टी.
मी लायनीबाहेर, वही मांडीवर.
खोटं कशाला बोलू,
त्यानं बाहेर मारावा
असं क्षणभर मलाही वाटलं.
सदबा उजवीकडं झेपावणार,
हे एका वाकळेत झोपलेल्याला
सांगावं लागत नाही.
त्यानं डावीकडं सोडला. अलगद.
त्या रात्री आईनं रस्सा
सदबाला आधी वाढला.
एवढंच.

मग गुडघा गेला. मग मॅनेजर झाला.
पाटावर मैदान मांडायचा,
आपले अकरा शेंगदाणे, त्यांची अकरा टरफलं.
जो चुकला त्याचा दाणा खाऊन टाकायचा.
पोरं पंचाला नाही भ्यायची, त्या दाण्याला भ्यायची.
सामन्याच्या दिवशी मिसळ बंद.
आमच्या पेनल्टीला तो मैदानाकडं पाठ करून उभा राहायचा,
आरड्यावरून ओळखायचा काय झालं ते.

अंधार पडला तरी सोडायचा नाही.
गुळाच्या ढेपा उतरवून आलेला ट्रक
मैदानाच्या कडेला लावून घ्यायचा, दिवे चालू.
पोरांच्या सावल्या पार पलीकडच्या भिंतीवर धावायच्या.
त्या डिझेलचे पैसे मी कुठल्या खात्यात लिहू?
दिवाबत्ती आधीच भरलेली.
'किरकोळ' लिहिलं.

एकदा एक पोरगं आलं, दुसऱ्या पेठेतलं.
म्हणालं, हजार घेईन.
रंगराव बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत राहिला.
'समोरच्या टीममध्ये भाऊ हाय?'
'न्हाई.'
'मग आठशे.'

गेला तेव्हा दोन्ही पेठा आल्या
आणि खांद्यावरून भांडल्या.
तेराव्यानंतर सदबा तालमीत आला.
म्हणाला, त्याचं काही येणं निघतं का बघा.
मी जुनी वही काढली, वाळवी झटकली.
निघत होतं. एका पावसाळ्यातले दोन महिने,
मैदान पाण्याखाली, सामने बंद, पैसे तटलेले.
नव्वद रुपये.
सदबानं मोजून घेतले, पुन्हा एकदा मोजले.
'सही कुठं करू?'
मी बोट ठेवलं.
दिवाबत्तीच्या पुढं
त्यानं ती केली, हात थरथरत.
'सदाशिव' फिसकटलंय.
'अतिग्रे' वाचता येतं.