चौथा खर्डा

टोलीडो, ओहायो. सत्तावन्नचा जानेवारी.
डेल्मर ऑस्ट्रँडर टाइपरायटरवर
एक सैनिक घडवतोय, शब्दाला तीन सेंट.

पहिल्या खर्ड्यात नुसतं लोखंड:
पंधराव्या पानावर चिखलात रुतलं.
दुसऱ्यात गुडघ्यांना मोटारी बसवल्या;
गडी घरं ओलांडून उड्या मारू लागला,
उतरताना त्याचीच हाडं मोडली.
तिसऱ्यात चिलखत शहाणं झालं,
हात हलायच्या आधीच
स्नायूच्या मनातलं ओळखू लागलं.

कोरियाच्या बर्फात डेल्मरच्या पायाची तीन बोटं
बुटातच राहिली.
म्हणून प्रत्येक खर्ड्यात तळव्यांना ऊब आहे.
तेवढी ओळ त्यानं कधी खोडली नाही.

व्हर्ना कारखान्यात रबरी कमरपट्टे शिवते.
दातानं दोरा तोडत तिनं पानं वाचली:
"आणि नाकाला खाज सुटली तर?"

डेल्मर हसला.
मग हसायचा थांबला.

चौथ्या खर्ड्यात सैनिक मरतो, पान नऊ.
चिलखताला कुणी सांगत नाही.
ते चालत राहतं, तळव्यांशी ऊबदार,
हुकुमाबरहुकूम टेकडी जिंकतं,
थांबतं.
आणि कुणी न सांगता
पोलादी हात वर नेऊन
काचेवरूनच
नाक खाजवू पाहतं.