झडती

इम्या, जाऊन आलो.
तुझ्या डाव्या खांबाला टेकून उभा आहे,
ज्याला तू प्रत्येक किकआधी
बुटाच्या टोकानं दोनदा ठोकायचास.
गंजलाय. जाळी तर नाहीच.
साडेचार वाजतायत, पोरं यायचीत अजून,
जेलरोडवरून रिक्षांचा आवाज येतोय.

शलाकानं नेलं. तिची रात्रपाळी संपवून,
न झोपता, दोन बस बदलून.
तू सांगायचास ना, स्टेडियमच्या मागे नदी आहे म्हणून?
नदीबिदी काही नाही रे.
विटांची घरं आहेत, एका ओळीत, आपल्या क्वार्टरांसारखी,
एक टायरचं दुकान, एक बंद पडलेली बेकरी,
आणि गल्लीच्या टोकाला, घरांच्या डोक्यावरून डोकावणारं
ते हिरवं पत्र्याचं छप्पर.
शनिवारी रात्री साडेआठला
कानाशी रेडिओ धरून तू आम्हाला मॅच सांगायचास,
त्यातली निम्मी खरखर होती
आणि उरलेली तू घातलेली भर.
हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.
राग नाही आला.

गेट अरुंद. लोखंडी फिरकी, एका वेळी एक माणूस.
पिवळ्या जाकिटातला पोरगा पुढं झाला
आणि त्यानं काही म्हणायच्या आत
माझे हात वर.
चौतीस वर्षं, इम्या, रोज दोनदा,
जाताना आणि येताना,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं, चपला बाजूला.
तो पोरगा हसला. शलाका खाली बघत राहिली.
पिशवीतला चिवडा त्यानं हुंगला आणि जाऊ दिला.

तिकीट कागदाचं नव्हतंच.
फोनमधला काळा-पांढरा चौकोन, टुक् वाजला, संपलं.
मग दोन पौंड जास्तीचे देऊन मॅचचं पुस्तक घेतलं
आणि उघडायच्या आधी
उजेडाकडे धरून पाहिलं,
वॉटरमार्क आहे का.
शेजारचा म्हातारा म्हणाला काहीतरी. कळलं नाही.
त्याला चिवडा दिला. तिखट लागला त्याला,
पण पुन्हा हात पुढं केला.

खुर्च्या लाकडी. बापांनी, आज्यांनी झिजवलेल्या.
आणि गवत!
आपण गोणीतली फक्की हातानं सोडत
पाठीमागं चालायचो, रेघ तुझ्याकडं नेहमी वाकडी जायची
आणि तोफखान्याचे जवान हसायचे,
मग सहा गोल मारायचे.
तिथली रेघ बघून माझी पाठ दुखायला लागली.

सुरू व्हायच्या आधी सगळे उभे राहिले.
त्या वर्षी गेलेल्या त्यांच्या माणसांसाठी एक मिनिट.
पडद्यावर नावं सरकत होती,
माझ्या ओळखीचं एकही नाही.
तीस हजार माणसं गप्प,
कुठंतरी एक लहान मूल खोकलं, एवढंच.
मी हळूच म्हटलं,
इम्मानुएल योसेफ रणपिसे, गोलकीपर, नाशिकरोड.
शेजारच्या म्हाताऱ्यानं ऐकलं.
टोपी काढलेलीच होती त्यानं,
आता ती छातीशी धरली.

स्कोअर विचारू नकोस.
शलाकाला विचारला तर तिलाही सांगता येत नाही,
ती माझ्या खांद्यावर झोपली होती.
मी त्यांच्या गोलकीपरकडे बघत होतो.
चेंडू लांब असताना तो एकटाच
दोन खांबांमध्ये येरझाऱ्या घालायचा,
स्वतःशीच काहीतरी बोलत.

सुटल्यावर गर्दीबरोबर त्याच गेटपाशी आलो
आणि थांबलो, हात वर करून.
मागचे लोक वळसा घालून निघून गेले.
कोणीच नव्हतं तपासायला.
बाहेर पडताना तिथं तपासतच नाहीत, इम्या.
काय वाटेल ते घेऊन जा.

पोरं आली.
एक म्हणतोय, काका, तिथून सरका, चेंडू लागेल.
सरकतो.
तू मात्र थांब.