पातळी

मिरजेच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी बजावलं होतं,
प्रश्न छापलाय तसाच वाचायचा,
पदरचा शब्द घालायचा नाही,
आणि समोरचं माणूस रडलं तर थांबायचं,
पण पेन खाली ठेवायचं नाही.

नऊ प्रश्न. शून्य ते तीन.
पहिल्याच घरी अडले.
'गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का?'
मालन आवटी हळकुंडं निवडता निवडता म्हणाली,
रस? गुऱ्हाळ बंद पडून सहा वर्सं झाली, बाई.

दुसऱ्या प्रश्नात 'खिन्न' होतं.
हा शब्द गावभागात कुणाच्याच घरी राहत नाही.
इथं जीव उडतो, काळीज हलतं,
डोक्यात भुंगा बसतो,
आणि कुणी सांगतं, सगळं हाय, चव न्हाई,
मीठ इसरल्यावानी.
हे मी समासात लिहीत गेले.
समासाला गुण नसतात.

मालनची बेरीज अठरा.
हसत हसत अठरा, दर उत्तराला टाळी.
नवव्या प्रश्नाला मात्र टाळी आली नाही.
लेक आत झोपलीय, म्हणाली,
आणि पूर्वी बाजारात रुमालाखाली भाव ठरायचा
तसं पदराखाली माझं बोट धरून
दोनदा दाबलं.
आकड्याला नावं ठेवणार नाही मी.
आकडा नसता तर तिचं हसू
हसू म्हणूनच घेऊन आले असते.
त्याच संध्याकाळी रिक्षात घालून तिला सिव्हिलला नेलं.
फॉर्मवर तिचा अंगठा पिवळा उमटलाय.

पण बाळगोंडा चौगुले?
वय एकसष्ट, रिटायर वायरमन.
झोप? येक नंबर.
भूक? दगड पचवीन.
बेरीज शून्य. इतकी स्वच्छ
की उठतानाच चप्पल सापडेना मला.
सून उंबऱ्याशी येऊन हळूच म्हणाली,
रोज पहाटे तीनला आयर्विन पुलावर जातात.
पाणी बघायला.

मे महिना होता.
कृष्णेत म्हशींची पाठसुद्धा भिजत नव्हती.

मी परत बसले, फॉर्म मिटला,
पेन खाली ठेवलं.
काका, आज किती होतं पाणी?
'आकडाच दिसंना. खाली गेलंय समदं.'
मग बऱ्याच वेळानं, भिंतीवरच्या पुराच्या रेघेकडे बघत,
'चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
चढतंय तवर माणूस कायतरी करतो,
गाठोडं बांधतो, म्हस सोडतो,
डीपीवर चढून लाइन तोडतो.
उतरलं की ज्यो त्यो आपल्या घरला.
उतरलेल्या पाण्याचं काय करायचं
ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई.'

मग मी तेच नऊ प्रश्न विचारले, माझ्या आईच्या भाषेत.
काळीज कधी हलतं, काका?
'हलंल कशाला? बसलंय.'
बेरीज चौदा.

सर म्हणाले, एका माणसाचे दोन फॉर्म चालत नाहीत.
मी म्हटलं, एका माणसाचं एकच उत्तरही चालत नाही, सर.
ते चिडले नाहीत. चष्मा पुसला.
दहाच्या वर असेल तर पाठवा, म्हणाले.
आणि नऊ आले तर?
'पंधरा दिवसांनी परत जायचं. नऊवरचा माणूस
कुठल्या बाजूला निघालाय ते एका दिवसात कळत नाही.'
त्या दिवशी पहिल्यांदा ते मला शिकवतायत असं वाटलं.

गुरुवारी काका आले. इस्त्रीची टोपी,
हातात जुनं वीजबिल, ओळख पटावी म्हणून.
डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहिलं, गोळी लिहिली,
पुढची तारीख लिहिली.
बाहेर बाकावर त्यांनी ती चिठ्ठी
लांब धरली, जवळ धरली,
शेवटी माझ्याकडे दिली.
'बाई, किती फुटावर हाय मी?'

मी म्हटलं, आकडा दिसायला लागलाय, काका.

ते थोडं थांबले.
मग, सवयीनं असेल,
पायजम्याच्या दोन्ही बाह्या
गुडघ्यापर्यंत दुमडून घेतल्या.